कललेली कॅरॅव्हॅन

ट्रॅक्टरने आमची जुनी कॅरॅव्हॅन परसातल्या उतारावरून सपाट रस्त्यावर ओढली, तेव्हा कळलं, आत नव्याने बसवलेलं सगळंच कललंय. कपाटं, ओटा, लेकीचा पलंगसुद्धा.

"निहार, लेव्हल बघितली नव्हतीस?"

"प्रत्येक फळीची बघितली!"

"आणि उतारावर उभ्या गाडीची?"

नवरा डोकं खाजवत मागे उताराकडे बघू लागला. उद्या निघायचं होतं. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदाच घराबाहेर पडणार होते. वैतागाने रडूच फुटलं.

त्यात सासूबाई आल्या. एवढ्याशा पोरीला घेऊन भटकणं त्यांना मुळातच नको होतं. त्यांनी पलंगाची फळी हाताने चाचपली आणि लेकीला माझ्या कडेवरून घेतलं.

"पेचकस तू धर, आधी पलंग सोडव," त्या म्हणाल्या. "याच्या भरवशावर राहिलीस तर उद्या निघणं होत नाही."