वामनरावांच्या नावाच्या गोळ्या

“एकशे नव्वद, एकशे दहा,” डॉक्टर स्पृहा म्हणाल्या आणि वामनरावांच्या दंडावरचा पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. दुसरा दंडही त्याच घरचा होता. त्यानंही तेवढंच दाखवलं.

“काका, तीन जातींच्या गोळ्या झाल्या आता. प्रेशर जागचं हललं नाही. असंच राहिलं तर डोक्यातली नस फुटेल.”

“फुटत नाई,” वामनराव म्हणाले. दिग्रसजवळ त्यांची कपाशी होती. नस फुटण्याबद्दल त्यांचं मत बोंडअळीबद्दल होतं तेच होतं. ती नेहमी दुसऱ्याच्या वावरात पडते.

“गोळ्या चुकतात का?”

“एक दिवस नाई. विचारा हिले.”

भिंतीजवळच्या बाकावर त्यांच्या पत्नी इंदूबाई बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून रिकामी पाकिटं काढून दाखवली. मग खोकल्या.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून समजावायला घेतलं. रक्ताची नळी म्हणजे तुमच्या ठिबकची नळी समजा. पहिली गोळी नळीच्या भिंती सैल करते. नळी रुंद झाली की दाब उतरतो. हिच्यानं कधीकधी पाय सुजतात. सुजले का?

वामनरावांनी पायजमा वर केला. पाय तुराट्यांसारखे काटकुळे होते.

“दुसरी गोळी जास्तीचं मीठ अन् पाणी लघवीवाटे काढते. नळीत पाणीच कमी, तर दाब कुठून येणार? लघवीला वारंवार जावं लागतं?”

“मी इथून नागपूरले एसटीत बसतो, तर नागपूरलेच उतरतो,” वामनराव अभिमानानं म्हणाले.

“बरं. तिसरी. शरीरात एक रसायन तयार होतं. ते नळ्यांना हुकूम देतं, आवळा म्हणून. ही गोळी ते रसायनच पुरतं तयार होऊ देत नाही.”

“म्हंजे हुकूम टाइपच होत नाई.”

“बरोबर.”

“मंग सरकारी कचेरीत ही गोळी कोणीतरी पह्यलेच वाटून ठेवली हाये.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “हिच्यानं कोरडा खोकला येतो. येतो का?”

“मले? नाई.”

बाकावर खोकला आला. कोरडा.

डॉक्टरांनी तिकडं पाहिलं. इंदूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या उठल्या. चपलेत पाय मावेना. त्यांनी तो दाबून बसवला. “जरा बाथरूमले जाऊन येतो,” त्या म्हणाल्या. मघाशीच जाऊन आल्या होत्या.

त्या परत येईपर्यंत डॉक्टरांनी केसपेपर पुन्हा वाचला. मग त्यांनी विचारलं, “काकू, काकांच्या गोळ्या कोण घेतं?”

“मी घेतो ना,” इंदूबाई म्हणाल्या. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही.

“तुम्ही?”

“मंग कोण घेईन? यायच्या आयुष्यासाठी वडाचा उपास मी धरतो. हरतालिकेले पाण्याचा घोट नाई घेत, तो बी यायच्यासाठीच. सोळा सोमवार केले. यायले एक दिवस तरी उपाशी पाह्यलं काय कोणी?”

वामनरावांनी प्रामाणिकपणे मान हलवली. कोणी पाहिलं नव्हतं. “माह्या तब्येतीचं सारं हिच्याकडंच असते, मॅडम,” ते म्हणाले. “आजवर तक्रार आली नाई.”

डॉक्टरांनी पट्टा उचलला आणि बाकाजवळ गेल्या. इंदूबाईंना दंड पुढं करायला वेळ लागला. आजवर त्यांना तो कोणी मागितला नव्हता.

“एकशे अठ्ठावीस, ऐंशी.”

“पाहा!” वामनराव खुर्चीतून उठले. “उतरलं का नाई?”

“काका, बसा,” डॉक्टर म्हणाल्या. “काकूंचं मुळात बरं असतं, तर तीन-तीन गोळ्यांनी त्या कधीच वावरात चक्कर येऊन पडल्या असत्या. पडल्या नाहीत. म्हणजे त्यांचं प्रेशर तुमच्याइतकंच असणार, कोणी मोजलंच नाही. गोळ्या उत्तम लागू पडल्यात. त्यांना. खोकल्यावाली तेवढी बदलून देते.”

“अन् मले?”

“गोळी जो गिळतो त्यालाच लागते, काका. कोणाच्या नावानं गिळली, हे तिला कळत नाही.”

वामनराव बसले. पंखा फिरत होता. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, प्रेशर मात्र चढत असावं.

“मॅडम,” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “म्हंजे ते उपास...?”

“मी फक्त गोळ्यांचं सांगू शकते,” डॉक्टर म्हणाल्या.

वामनरावांनी बायकोकडं पाहिलं. इतक्या वर्षांचे सगळे वड, सगळे सोमवार, सगळ्या हरतालिका तिच्याच अंगात गेल्या होत्या. ती शंभरी ओलांडणार हे उघडच होतं. त्यांच्या स्वतःच्या अंगात आजवर एकच गोष्ट गेली होती, उपासाच्या दिवशीची साबुदाण्याची उसळ. तीही दोनदा मागून.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नस फुटण्याची भीती वाटली. त्यांनी हात पुढं केला.

“आन त्या गोळ्या इकडं. लवकर आन.”

इंदूबाईंनी उरलेल्या गोळ्यांची पिशवी पोटाशी धरली.

“या माह्या हायेत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या तुम्ही घ्या.”