रखमाजीची मिशी

"प्रेरणा, भजी खानार का?" कापूरहोळच्या चौकात रखमाजीनं तिसऱ्यांदा विचारलं, तेही असं खच्चून की ढाब्यावरची माणसं वळून बघायला लागली. पाच वर्षांच्या नातीनं आज्ज्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा ट्रक बघत बसली.

पुण्याला तिची कानातली यंत्रं तपासून तिघं भोरच्या एसटीची वाट बघत होते. हॉर्न, रसवंतीची घुंगरं, पंक्चरवाल्याचा हवेचा पंप. कुणी म्हणून गप्प नव्हतं. रखमाजीची सून साधना लेकीसमोर उकिडवी बसली, तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "भजी?" पोरीनं लगेच दोन बोटं दाखवली. दोन प्लेटी!

रखमाजीला हे झोंबलं. घरात हीच पोर त्याच्या मांडीवरून उतरत नसे. बाहेर पडलं की मात्र आजा म्हणजे दगडाचा देव. त्याला काही विचारायचं नाही, त्यानं विचारलं तर सांगायचं नाही. उद्या घरातही अशीच पाठ फिरवली तर, ही भीती त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

"माजं का कळत न्हाई तिला? तुज्यापरीस मोटा आवाज हाय माजा."

"आवाजाचं न्हाई, मामंजी. गोंगाटात यंत्र समदंच उचलतं, हारन बी आन् बोलनं बी. मंग ती व्हट बघती. यंत्र तपासनाऱ्या बाईंनी सांगितलं न्हवं, व्हट दिसाय पायजेत म्हनून..." साधनानं नजर खाली घातली. पुढचं बोलायची अख्ख्या धनगरवाड्यावर कुणाची छाती नव्हती.

रखमाजीचा हात मिशीवर गेला. मिशी कसली, दोन्ही ओठ झाकून हनुवटीकडं निघालेलं झुडूपच. जत्रेत लोक आधी मिशीला रामराम घालत, मग त्याला.

तो उठला आणि समोर कुमारच्या केशकर्तनालयात जाऊन खुर्चीत बसला.

"मिशी काढ."

कुमारचा हात थबकला. या भागात मिशी उतरते ती घरातलं वडीलधारं गेल्यावर. त्यानं आवाज खाली आणला. "कोन गेलं, आबा?"

"कुनी गेलं न्हाई. समदी जिती हायती. काढ बिगीनं, यष्टी यील."

बाहेर आला तेव्हा ओठाला वारा लागला आणि भर चौकात उघडं पडल्यासारखं त्याला वाटलं. भज्यांची प्लेट हातात धरलेल्या साधनानं पदर तोंडाला लावला. हसू आलं की रडू, तिचं तिलाच ठाऊक. रखमाजी गुडघ्यांना शिव्या घालत नातीसमोर बसला. शेजारून एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत चालला होता. तरी तो ओरडला नाही. घरात बोलतो तसाच बोलला.

"मला एक भजं दितीस का?"

पोर टकामका त्याच्या ओठांकडं बघत राहिली. मग तिनं एक भजं उचललं, त्याच्या तोंडात कोंबलं आणि टाळ्या पिटत ओरडली,

"आज्जा, तुमी बोलता व्हय! मला वाटायचं, भाईर आलं की तुमी नुसती तमाकू चावता!"