नव्वद टॉवेलांचा ठिपका

सकाळी पावणेअकराला तळ्याच्या मधोमध नव्वद पांढरे टॉवेल अंथरलेले होते, आणि त्यांच्यावर पाणी उडू नये म्हणून धोंडीराम वल्हं मांडीवर घेऊन गप बसला होता.

टॉवेल सोजरबाई कामाला जायची त्या कारखान्यातले, काठ उसवले म्हणून बाद झालेले. त्यांच्याखाली साऱ्या कोळ्यांचे थर्माकोलचे तराफे एकमेकांना बांधलेले. तराफ्यांखाली जाळीचा पिंजरा, आणि पिंजऱ्यात धोंडीरामची वर्षभर पोसलेली मासळी. नाल्याकडून शेवाळ पसरत निघालं होतं. त्यात सापडली तर सगळी गुदमरणार. शेवाळ कुठवर आलंय हे तराफ्यावरून कळत नव्हतं. ते उपग्रहाला कळत होतं, पण त्याला पिंजरा दिसत नव्हता. दहा मीटर बाय दहा मीटरपेक्षा बारकं काही त्याला दिसत नाही, असं विद्यापीठातल्या दाक्षायणीनं सांगितलं होतं.

“मग धा बाय धा करू की,” धोंडीराम म्हणाला होता. ती हसली होती. तो हसला नव्हता.

आता ती तराफ्याच्या कडेला बसून बाटलीत पाणी भरत होती. “काका, दहा बावन्नला जाईल तो.”

“किती वरनं?”

“पावणेआठशे किलोमीटर.”

“म्हंजी मुंबईला जाऊन माघारी,” धोंडीराम म्हणाला. “पर सरळ वर.” त्यानं टोपी काढली, झटकली आणि नीट घातली.

तेवढ्यात एक ढग आला. साऱ्या आभाळात एकच, आणि नेमका डोक्यावर. तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली सोजरबाई ताडकन उठली.

“ए, सरक की तिकडं! एवढं आभाळ मोकळं हाय, तुला हितंच बसायचंय व्हय?”

“मावशी, खाली बसा. तराफा हलतोय.”

“तुजा उपग्रह पुन्हा येनार पाच दिसांनी. तवर मासं काय दम धरून बसत्याल?”

ढग सरकला. सोजरबाई बसली, जसं काही ठरल्याप्रमाणेच झालं होतं.

दहा बावन्न. तिघंही वर बघत होती. आभाळात काही नव्हतं. आवाज नाही, सावली नाही. धोंडीरामनं मात्र टोपी हातानं दाबून धरली.

“आला?” त्यानं हळूच विचारलं.

“गेलासुद्धा.”

संध्याकाळी काठावर दाक्षायणीनं मोबाइलवर फोटो उघडला. धोंडीरामला आधी ओळखूच येईना. चाळीस वर्षं तळ्यात काढली, पण त्याचा आकार त्यानं कधी पाहिला नव्हता.

“आंब्याच्या कोयीवानी हाय की,” तो पुटपुटला.

नाल्याच्या तोंडापासून एक हिरवी जीभ पाव तळ्यापर्यंत आली होती. तिच्यापुढं काळंनिळं पाणी. त्या पाण्यात, जिभेपासून बऱ्याच लांब, पांढरं काहीतरी होतं, मोहरीच्या दाण्याहून बारीक.

धोंडीरामनं धूळ समजून ते अंगठ्यानं पुसलं. अख्खं तळं बाजूला सरकलं. ठिपका तळ्याबरोबर गेला.

“अवो, पुसू नका,” सोजरबाई म्हणाली. “आपण हाय त्यात.”