सरडी खाली उतरली

कमसियाचा खराटा सुपारीच्या बुंध्यापाशी येऊन थांबला. पाचोळ्यात एक सरडा बसला होता. वीतभर, राखी-तपकिरी, सुपारीच्या सालीसारखाच. खराट्याचे हीर शेपटीला लागले तरी तो हलला नाही.

"अहो, तुमचा तो उडता सरडा खाली पडलाय," ती व्हरांड्याकडे बघून ओरडली. "मरायला टेकलाय बहुतेक."

इद्रिस वर वेताच्या खुर्चीत बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवर होता. सकाळी तिनंच तो तिथं ठेवला होता. अर्धांगाचा झटका येऊन अकरा आठवडे झाले होते. धरून धरून चालणं जमायला लागलं होतं, बोलणं मात्र गेलं ते गेलंच. इस्पितळातल्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. मांजर, चमचा, घर. मुलगी नोरलैला दर शनिवारी इपोह शहरातून यायची आणि एकेक कार्ड त्याच्यासमोर धरायची. "बाबा, हे काय आहे? मां… मां…" तो तोंड फिरवायचा. आजही ती आली होती, आत स्वयंपाकघरात होती.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याला एकच नाद होता. परसात कुठला साप आला, टाकीच्या झाकणावर कुठला बेडूक चढला, हाक मारमारून तिला दाखवायचा. ती "शी!" म्हणून आत निघून जायची. आता हाक येत नव्हती, म्हणून तीच सांगायला लागली होती. जमेल तसं. "न्हाणीत एक बेडूक आहे. चपटा. माझ्याकडेच बघतोय मेला." त्यावर तो काही करायचा नाही. पण ती रोज सांगायची.

सरड्यानं डोकं खाली घातलं आणि मातीत खुपसलं. बाहेर काढलं, पुन्हा खुपसलं.

"डोकं आपटून घेतोय बघा! वेडबिड लागलंय याला. उचलून कुंपणापलीकडे टाकते, नाहीतर कोंबड्या टोचून खातील."

तिनं खराटा उलटा केला आणि दांडा त्याच्या पोटाखाली सरकवायला वाकली. मागून धपधप आवाज आला. इद्रिस डावा पाय फळ्यांवर आपटत होता.

"अं… अं…"

"आणते हो पाणी. एवढं आटपू दे."

"अं… डी."

खराटा तिच्या हातातून पडला. ती वळली. इद्रिसचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेची शीर टरारली होती.

"काय म्हणालात?"

"अंडी."

जीभ जड होती, पण शब्द होता. स्पष्ट, अख्खा शब्द.

"अंडी हवीत?" ती धावत पायऱ्या चढली. "उकडून देऊ? तळून देऊ? मिरचीत परतून देऊ? या अल्ला! डझनभर अंडी देते, पण अजून एकदा म्हणा!"

इद्रिसनं डोळे मिटून घेतले.

हा चेहरा ती ओळखत होती. अडतीस वर्षं ती काही भलतंच बोलली की तो असेच डोळे मिटायचा आणि ती चिडायची. अकरा आठवड्यांत तो चेहरा तिला दिसला नव्हता. तिनं खुर्चीची कड धरली.

त्यानं डावा हात उचलून अंगणाकडे बोट केलं.

"तिची."

कमसियानं वळून पाहिलं. सुपारीच्या मुळाशी आता एक खड्डा दिसत होता, अंगठा जाईल एवढा. सरड्यानं अंग वळवलं होतं आणि शेपटीकडची बाजू खड्ड्यावर नेऊन तो निश्चल बसला होता.

"मादी आहे ती?"

त्यानं मान डोलावली.

"अंडी घालायला उतरलीय खाली?"

पुन्हा मान डोलली.

"तुम्ही पाहिलं होतं का हो असं कधी?"

इद्रिसनं नकारार्थी मान हलवली. तो तिच्याकडे बघतही नव्हता. एवढी वर्षं मान वर करून तो त्या सुपाऱ्यांवर डोळे लावून बसायचा. या झाडावरून त्या झाडावर कुठला सरडा तरंगत गेला, कुठल्या नरानं गळ्याखालच्या कातडीची पिवळी पताका फडकवली, सगळं त्यानं पाहिलं होतं. हे नव्हतं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याची पापणी लवत नव्हती.

"आणि मी तिला दांड्यानं…" कमसियानं तोंडावर हात ठेवला. मग त्या हाताआडूनही आवाज फुटला. अकरा आठवडे छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला होता. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. "बोललात! अहो, तुम्ही बोललात! नोर! ए नोर, धाव लवकर! तुझे बाबा…"

"गप्प," इद्रिस म्हणाला.

अंगणात सरडीनं मान उचलली होती.

कमसिया होती तिथंच फळ्यांवर बसली. त्याचा उजवा हात तिनं मांडीवरून उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. सरडी थोडा वेळ तशीच राहिली. मग तिची मान हळूच खाली आली.

आतून नोरलैला पळत आली. हातात डाव तसाच होता, त्यातून नारळाचं दूध ठिबकत होतं. आईचे गाल ओले बघून ती दारातच थबकली. "आई! काय झालं? बाबांना काही…"

कमसियानं ओठांवर बोट ठेवलं.

"शू… हळू बोल. तुझ्या बाबांनी गप्प बसायला सांगितलंय."