तांदळाच्या डब्यातला पासपोर्ट

“आणि दुसरा देश?”

“दुसरा नाहीच मुळी,” मालिननं घोकलेलं उत्तर दिलं.

थायलंडमधल्या लांफूनच्या तालुका कचेरीत बाकावर बसल्यापासून ओरथाईनं लेकीकडून हे चौथ्यांदा वदवून घेतलं होतं. मालिनला सात वर्षं झाली, आता तिचं पहिलं ओळखपत्र काढायचं होतं. तिचा अमेरिकन पासपोर्ट मात्र घरी दडवून ठेवला होता. तो दिसला तर थाई नागरिकांच्या यादीतून पोरीचं नाव कापतील, आणि परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही, म्हणजे आजीची लोंगन फळांची बाग तिच्या नावे कधीच व्हायची नाही.

ही धास्ती आजीनंच घातली होती. “दोन देश दिसले की एक काढून घेतात. मला माहीत आहे.”

“तुला कसं गं माहीत, आई?”

“तीन वर्षं तिकडे अमेरिकेत नूडल्स उकडल्यात मी. चार गोष्टी कानावर येतात.”

गुडघे दुखत असूनही आजी आज हट्टानं सोबत आली होती. ओरथाईचा नवरा मॅथ्यू अमेरिकन, तिकडे ओहायोत असायचा. ओरथाईला अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला, म्हणून तोच सुट्टी जमवून यायचा.

नंबर लागला. खिडकीतल्या विलाईताईंनी चष्म्यावरून मालिनकडे पाहिलं.

“बाबा कुठे असतात गं तुझे?”

मालिन एका दमात म्हणाली, “माझ्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट अजिबात नाहीये! आणि तो तांदळाच्या डब्यातही नाहीये!”

ओरथाईनं झटकन लेकीच्या तोंडावर हात ठेवला.

विलाईताई खो खो हसल्या. “किडे लागतील की त्याला! बाहेर काढा. आई थाई, म्हणजे लेक थाई. जन्मानं दोन देश मिळाले तर दोन्ही ठेवावेत. आम्ही कशाला काढून घेऊ?”

“म्हणजे नाव नाही कापत?” ओरथाईनं पुन्हा विचारलं.

“नाही हो. चल बाळा, फोटोला हस बघू.”

मालिन हसली. पुढचे दोन दात नव्हते. ओरथाईला रडूही येत होतं आणि हसूही.

आजी मात्र खिडकीला चिकटून उभी होती.

“कुणाचंच नाही कापत? मोठ्या माणसाचंसुद्धा?”

“कुणाचंच नाही, मावशी.”

आजीनं सुस्कारा सोडला आणि कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक पिवळट कागद काढून खिडकीत सरकवला. त्यावर लॉस एंजेलिसच्या इस्पितळाचा शिक्का होता, तान्ह्या पावलांचे दोन ठसे होते, आणि बाळाचं नाव होतं ओरथाई.