कोपऱ्यातली खुर्ची

शिकागो, १९४२. आमच्या बँडमध्ये चौदा वाजवणारे आणि एक गाणारी, व्हर्ना. तिची खुर्ची स्टेजच्या कोपऱ्यात. बँडमास्तर हॉलिसने बोट उचललं की उठायचं, एक कडवं गायचं, परत बसायचं.

ऑगस्टमध्ये युनियनने संप पुकारला. एकाही वादकाने रेकॉर्डिंग करायचं नाही.

"मीपण संपात ना, मास्तर?" व्हर्नाने विचारलं.

"तू कुठली वादक, पोरी?" हॉलिस म्हणाला. "गळ्याला युनियन वाद्य मानत नाही. जा, गा हवं तेवढं! आमच्याशिवाय रेकॉर्ड निघते का बघ."

आम्ही खो खो हसलो.

पुढच्या उन्हाळ्यात न्हाव्याच्या दुकानात रेडिओवर व्हर्नाची रेकॉर्ड लागली. मागे एकही वाद्य नव्हतं. आमचे ट्रम्पेट, आमचे सॅक्सोफोन, सगळ्यांचे सूर माणसं तोंडाने काढत होती. अर्धी दाढी झालेला हॉलिस एकदम ताठ बसला. "बंद कर रे ते," एवढंच म्हणाला.

संप मिटला तेव्हा आम्हाला एकच काम मिळालं. व्हर्नाच्या कार्यक्रमात वाजवायचं.



स्टेजच्या कोपऱ्यात एक खुर्ची मांडली होती. "बसा ना, मास्तर," व्हर्ना गोड हसून म्हणाली, "मी बोट उचललं की उठा."