साहेब कोपऱ्यात जातो

"बस," उस्ताद म्हणाले.

कुत्रा बसला नाही. दोन पावलं मागे सरकला, वळला आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात भिंतीला नाक लावून उभा राहिला. शेपूट पायांत.

"चला, परत." उस्तादांनी बिस्किटाचा तुकडा जमिनीवर ठेवला आणि ते चार हात मागे झाले.

सकाळपासून ही सहावी वेळ. पण उस्तादांचा राग कुत्र्यावर नव्हताच. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवली होती. शिकणाऱ्यांनी त्यांची गाडी खांबाला ठोकली, गटारात घातली, एका बाईंनी तर थेट भाजीच्या दुकानात नेली. उस्ताद दर वेळी "चला, परत" एवढंच म्हणाले. कधी आवाज चढवला नाही, हात उगारणं तर लांबच. त्यांच्या थंड डोक्याचे दाखले लोक आपल्या मुलांना देत. असा माणूस कुत्र्यावर कशाला चिडेल?

राग होता तो कुत्र्याच्या आधीच्या मालकावर.

कुत्रा पाच वर्षांचा. शेल्टरमधून आणून अठरा दिवस झाले होते. चेहरा इतका गंभीर, की उस्तादांनी त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली. महिनाभरात रुळला तर कायमचा, नाही तर परत, अशी शेल्टरची अट होती. आणि साहेब काही रुळेना. ताटली पडली, गेला कोपऱ्यात. खुर्ची सरकली, गेला कोपऱ्यात. एकदा बाहेरून आल्यावर उस्तादांनी नुसता कमरेचा पट्टा काढला, तर तो उभ्या जागी मुतला. उस्तादांनी निमूट फडकं आणून फरशी पुसली, आणि पुसता पुसता त्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"मुक्या जनावराला पट्ट्याने झोडपतो! हा माणूस मला एकदा भेटू दे. फक्त एकदा."

"हळू बोला," बायको म्हणाली. "तो घाबरतो."

तिचं साहेबाशी पहिल्या दिवसापासून जमलं होतं. खरं तर शेल्टरमध्ये उस्तादांच्या मनात एक गुबगुबीत पिल्लू भरलं होतं. ही मात्र तरातरा शेवटच्या पिंजऱ्याशी गेली आणि "हाच" म्हणाली. ती सहसा काही मागत नसे, त्यामुळे उस्तादांनी तोच घेतला. मुलगा नोकरीच्या निमित्ताने सात वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात गेला, तेव्हापासून घरात तसंही बोलणं कमीच होतं. त्याचा फोन यायचा तो आईला. हल्लीच्या मुलांना बापाशी बोलायचं सुचत नाही, असं म्हणून उस्तादांनी तो विषय कधीच मिटवला होता.

आताही ती स्वयंपाकघरातून आली, साहेबाच्या मागे वाकली आणि म्हणाली, "पुरे आता. ये."

साहेब मुकाट्याने बाहेर आला.

"तुला बरं जमतं हे!"

"सवय आहे मला," ती म्हणाली आणि आत गेली.

दुपारी शेल्टरच्या ताई पाहणीला आल्या. चहाचा कप टेबलावर जरा जोरात टेकला गेला आणि साहेबाने त्यांच्यादेखत कोपरा गाठला.

"बारा दिवस राहिलेत, काका," ताई म्हणाल्या. "असाच राहिला तर न्यावा लागेल. घर बदलून बघू."

उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मार खाल्ला त्याने, आणि हाकलायचंही त्यालाच? त्या हरामखोराला कोण विचारणार? नाव द्या मला त्याचं."

"देणाऱ्याचं नाव सांगत नाही आम्ही. आणि तो स्वतः आणून सोडून गेला, हेही काही कमी नाही."

"मोठे उपकार केले! पोलिसांत जातो मी. ते काढतील नाव."

ताई बिचाऱ्या अर्धा चहा टाकून निघाल्या. उस्तादांनी कागद पुढे ओढला आणि तक्रार लिहायला घेतली. रागाने अक्षर वाकडं येत होतं, पण शब्दांना काही तोटा नव्हता. पान भरल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली आणि तिला समोर बसवून वाचून दाखवलं. पट्टा, कोपरा, थरथर, सगळं त्यात होतं. शेवटी आवाज चढवून त्यांनी वाचलं, "अशा क्रूर माणसाच्या हाती जनावरच काय, मूलसुद्धा देऊ नये. त्याला जन्माची अद्दल घडवावी, ही विनंती!"

आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

साहेब तडक कोपऱ्यात गेला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, पण या वेळी ती उठली नाही.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "एका शब्दाचीही काटछाट करू नका."

"नुसतं नाव घालायचं राहिलंय. ते कळलं की झालं."

"मला माहीत आहे. घ्या पेन."

उस्तादांनी पेनाचं टोपण काढलं. "तुला? आणि इतके दिवस बोलली नाहीस? सांग, कोण आहे तो?"

"आपला मुलगा," ती म्हणाली. "इथल्या शेल्टरमध्ये ठेवायला मीच सांगितलं त्याला. त्याचा आहे म्हटल्यावर तुम्ही घरात घेतला नसता. रडत होता फोनवर. म्हणाला, 'आई, दोन महिन्यांत बाळ येईल घरात. त्याआधी याला इथून ने. माझाही हात बाबांसारखाच उठतो.'"